इंजिनाला काहीच झालं नव्हतं

१

तापून आलेल्या गाडीला मी लगेच हात लावत नाही. आधी गिऱ्हाइकाला सावलीत बसवतो, माठातलं पाणी देतो, मग बोनट वर करून नुसता उभा राहतो. इंजिन आपलं आपण बरंच सांगतं. गोडसर वास आला तर इंजिन थंड ठेवणारं कुलंट सांडलंय. जळक्या रबराचा आला तर पाइप फुटलाय. मग ऑइलची पट्टी ओढायची. तिच्यावर ताकासारखा पांढरा फेस असला तर पाणी ऑइलात शिरलं, म्हणजे हेडची गॅस्केट गेली. फेस नसला तर अर्धी भीती तिथंच संपते. सत्तावीस वर्षं मी हेच करत आलो.

माझं नाव रहमत. घाटंजीच्या बाहेर, कापसाच्या जिनिंगच्या पुढं, रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे. मागं दोन खोल्या, तिथं मी आणि माझी बायको बिस्मिल्लाबी राहतो. मूलबाळ नाही. मे महिन्यात दिवसाला तीन-चार गाड्या तापून येतात, आणि वाटेत अडकलेल्यांचे फोन वेगळे. 'रहमतभाई, काटा वर गेला, वाफ निघून राह्यली, काय करू?' हातात पाना असतो, फोन खांद्यानं कानाशी दाबलेला. सांगून टाकतो काहीतरी आणि विसरतो.

देवीलाल गुरुजींची गाडी आली ती मे संपता संपता, सकाळी दहाच्या सुमाराला. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, घाटंजीपासून अठरा किलोमीटरवर जंगलातल्या तांड्यात राहणारे. त्यांची पांढरी छोटी गाडी नवी होती तेव्हापासून माझ्याच हाताखाली. त्या दिवशी ती ट्रॅक्टरला दोर बांधून आणली होती. ट्रॅक्टर त्यांच्याच तांड्यातल्या हिरासिंगचा. गुरुजी स्टिअरिंगमागं बसलेले. उतरले तेव्हा मी ओळखायला जरा चुकलोच. माणूस अर्धा झाला होता. ओठ फुटून त्यावर काळी खपली धरलेली.

"काय झालं जी, गुरुजी?"

"तापली होती. वीस दिवस झाले."

"वीस दिवस? मंग इतके दिवस काहून ठेवली?"

मी माठातून पेला भरून दिला. त्यांनी तो हातात धरला, त्यात पाहिलं आणि न पिता गाडीच्या टपावर ठेवला.

"तू फक्त तपास," ते म्हणाले. "इंजिनाले काय झालं ते मले सांग. सारं खोलून पाय."

"खोलाची गरज नसन बी—"

"खोल, रहमत."

हिरासिंग दोर गुंडाळत होता. तो बोलका माणूस. पण त्या दिवशी मान वर केली नाही. गुरुजी ट्रॅक्टरवर चढले आणि वरूनच म्हणाले, "मागचं दार उघडू नको. तिकडं इंजिन नाई."

ते गेल्यावर मी टपावरचा पेला उचलला. तो रिकामा होता, आतून कोरडा. ऊन पंचेचाळीसचं. मी मनात म्हटलं, प्यायले असतील गुरुजी; मीच पाहिलं नसेल.

२

पट्टी ओढली. ऑइल मधासारखं स्वच्छ. कुलंटची डबी कोरडीठाक, तेही ठीक. वीस दिवस उभी होती. मी पाच लिटरचा कॅन घेतला आणि रेडिएटर भरायला लागलो.

ह्या गाडीत सगळं मिळून साडेचार लिटर पाणी बसतं. कॅन संपला. पाणी वर दिसेना. दुसरा कॅन भरून आणला, तोही गेला. मी वाकून खाली पाहिलं. खाली पुठ्ठा टाकलेला असतो, थेंब पडला की डाग दिसावा म्हणून. पुठ्ठा कोरडा. तिसऱ्या कॅनमधलं दोन लिटर गेल्यावर कुठं पाणी तोंडाशी आलं. बारा लिटर.

वाटेत कुठंतरी मुरतंय, म्हटलं. सायलेन्सरमध्ये उतरलं असेल. सुरू केली की पांढरा धूर येईल. बॅटरी लावून चावी फिरवली. एका फिरक्यात सुरू झाली. धूर नाही, खडखड नाही, तापमानाचा काटा मध्यावर शांत. इतकी गोड चालत होती की मला आनंदच झाला.

इंजिनाच्या पोटातलं ऐकायचं असलं की मी लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक इंजिनावर टेकवतो आणि मूठ कानाशी धरतो. डॉक्टरच्या नळीसारखं. बेअरिंग घासत असलं तर तिथंच कळतं. चारही जागी टेकवून ऐकलं. सगळं साफ. मग सहज रेडिएटरच्या वरच्या पाइपापाशी टेकवलं.

घटघट आवाज आला. पाण्यात हवा अडकली की असा येतो, त्यात नवल नाही. मी इंजिन बंद केलं. बंद केल्यावर पाणी थांबायला पाहिजे, पंपच फिरत नाही. आवाज थांबला नाही. घट, घट, घट. मग थांबला, दम खाल्ल्यासारखा. मग पुन्हा घट, घट.

पेचकस खाली ठेवला. माझा कान ह्या धंद्यात निम्मा गेलाय, कानातलं रक्तही वाजतं कधी कधी. असं स्वतःला सांगितलं आणि हात धुऊन जेवायला गेलो.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटर रिकामा. पुठ्ठा कोरडा.

पाणी नाहीसं होत नसतं. ते कुठंतरी जातं, आणि कुठं जातं हे शोधणं हेच माझं काम. मी झाकणाच्या जागी पंप लावून आत दाब भरला. आत सुईएवढी चीर असली तरी दाबाचा काटा खाली येतो. दोन तास लावून ठेवलं. काटा होता तिथंच. म्हणजे चीर नाही. पुन्हा पाणी भरलं, दुपारी पाहिलं, रिकामं. तीन दिवस असंच चाललं. मी दुसऱ्या कामांना हात लावेना. दिवसातून चार वेळा पाणी भरायचो आणि चार वेळा आत वाकून बघायचो.

तिसऱ्या दिवशी बिस्मिल्ला चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अजी, आज माठ मी तीनदा भरला. गिऱ्हाईक तर एक बी आलं नाई. कोन पिऊन राह्यलं?"

"माठ झिरपत असन."

"खाली माती कोरडी हाये."

माठ गाडीपासून तीन हातांवर, भिंतीशी होता. तिनं चहा ठेवला, जाता जाता गाडीच्या मागच्या काचेतून आत पाहिलं आणि थांबली.

"मांगं कोनी निजते काय?"

मी बघायला गेलो. दार उघडलं नाही, काचेतूनच पाहिलं. मागच्या सीटवर कापडी कव्हर होतं. त्यावर लांबट खळगा पडलेला, एका बाजूला जास्त खोल. डोक्याच्या जागी घडी केलेला टॉवेल.

"सामान ठेवलं असन गुरुजीनं," मी म्हणालो. "वजनानं दबलं."

"सकाळी झाडू मारला तवा बी मी पाह्यलं. तवा टॉवेल त्या दाराकडं होता." ती पदर सावरून मागं सरकली. "सामान कूस बदलते काय जी?"

मी तिला रागावलो. गाडी आली तेव्हापासूनचा सगळा वैताग तिच्यावर काढला. ती घरात गेली. मी एकटा गाडीशी उभा राहिलो. उन्हानं पत्रा तडतडत होता. वाळलेली जीभ टाळूला चिकटून सुटते, तसा अगदी बारीक आवाज मधूनमधून येत होता. मी पत्राच वाजतोय असं धरून चाललो.

४

चौथ्या दिवशी मी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जाड झाकण, खोललं.

खोलणं म्हणजे शेवटचा उपाय. हेड वाकलं असेल तर त्यावर सपाट पोलादी पट्टी धरायची आणि खालच्या फटीत पातळ पाती सरकवून बघायची. केसाएवढी पाती शिरली तरी हेड गेलं. मी सगळीकडून, आडवी-तिरपी पट्टी धरून पाहिली. कुठंच शिरली नाही. गॅस्केट शाबूत. पिस्टनवर ओरखडा नाही. अशी तापलेली गाडी इतकी चांगली मी कधी पाहिली नव्हती.

एकच गोष्ट बरोबर नव्हती. इंजिनाच्या आत पाणी फिरायच्या वाटा असतात. नऊ वर्षांच्या गाडीत त्या गंजानं लाल होतात, खाली गाळ बसतो. शिवाय तासाभरापूर्वीच मी त्यात पाणी ओतलं होतं. आतून त्या स्वच्छ, पांढऱ्या आणि कोरड्या होत्या. मी बोट घालून पाहिलं. ओल नाही, गाळ नाही, गंजाचा कण नाही. जेवून झालेलं ताट कोणी बोटानं निपटून चाटावं, तसं.

गुरुजींना फोन केला. दुपारी हिरासिंगच्या मोटरसायकलवर आले. हिरासिंग बाहेरच लिंबाखाली थांबला. मी गुरुजींना टेबलावर ठेवलेलं हेड दाखवलं, पट्टी धरून दाखवली. मला बरं वाटत होतं. वाईट बातमी द्यायची नव्हती.

"इंजिनाले काईच झालं नाई, गुरुजी. नशीबवान हा तुमी."

"काईच नाई?"

"काईच नाई."

"नीट पाह्यलं?"

"केसाएवढा फरक नाई."

ते स्टुलावर बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मी तुले फोन केलता. आठवते?"

मला आठवत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मे महिन्याची सहा तारीख. बारा वाजले होते. हंसाले यवतमाळले डॉक्टरकडं नेलतो. दिवाळीत तिले लकवा मारला, डावं अंग गेलं, जीभ जड झाली. मांगच्या सीटवर निजवून आणून राह्यलतो. जंगलातला रस्ता धरला, जवळ पडते म्हून. मधात काटा वर गेला. मी टेकडावर चढून तुले फोन लावला. तिथं नेटवर्कची एक दांडी भेटते."

हंसा म्हणजे त्यांची बायको. मी हातातली पट्टी टेबलावर ठेवली.

"तू म्हटलं, आधी थंडी होऊ द्या, मंग जे पानी असन ते गाडीत टाका, नाईतर इंजिन जाते. मी म्हटलं, एकच बाटली हाये, प्याची हाये. तू हासला. म्हटलं, गुरुजी, मानूस तहानेनं लवकर नाई मरत, इंजिन मरते. टाका गाडीत."

आता आठवलं. त्यांचा फोन आठवला नाही, पण ते वाक्य आठवलं. हे मी दर उन्हाळ्यात कितीतरी लोकांना म्हणतो. लोक हसतात.

"बाटली तिच्या हातात होती. उजव्या, चांगल्या हातात. मी घ्याले गेलो तं तिनं सोडली नाई. मले वाटलं, तिले समजलं नाई. मी एकेक बोट सोडवलं." गुरुजींनी आपली बोटं माझ्यासमोर धरून दाखवलं. "बाटली गाडीत टाकली, ती पुरली नाई, मंग कॅन घेऊन पानी पाह्याले निघालो. काचा वर केल्या, एसीची थंडी आत राहीन म्हून. दार लॉक झालं, सवयीनं. हापशी कोरडी निघाली. पुढं हिरासिंगच्या वावरातल्या विहिरीवर गेलो. याले-जाले दीड तास लागला. आल्यावर पयले काय केलं, सांगू?"

"गुरुजी, राहू द्या."

"पयले बोनट उघडलं. रेडिएटर भरला. तिले हाक मारून म्हटलं, झालं हंसा, निघू आता. मंग दार उघडलं."

लिंबाखाली हिरासिंगनं आमच्याकडं पाठ केली.

"वीस दिवस मी एकच म्हनून राह्यलो," गुरुजी म्हणाले. "इंजिन गेलंच असन. ती बाटली टाकली काय, न टाकली काय, सारं जाणारच होतं. पानी वाया गेलं. असं असतं तं मी कसा बी जगलो असतो. पन तू म्हनतं इंजिनाले काईच झालं नाई." त्यांनी हेडवर हात ठेवला, कोणाच्या कपाळावर ठेवावा तसा. "वाचलं ना रे ते. त्या बाटलीनं वाचलं."

५

मी खोटं बोलायला पाहिजे होतं. त्यासाठी काय लागलं असतं? हेड वाकलंय, असं एक वाक्य. गुरुजींना त्यातलं काय कळणार होतं? पुढचे तीन दिवस मी इंजिन जोडत होतो आणि हेच घोकत होतो. बोल्ट आवळायचा, वाक्य मनात म्हणायचं. वेळ गेली होती.

बिस्मिल्लाला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुमाले कुठं माईत होतं आत कोन हाये ते."

"इचारलं असतं तर कळलं असतं."

"कोनी इचारते काय असं?"

"कोनीच नाई इचारत. म्हून तर."

ती उठली, एक तांब्या भरला, गाडीच्या मागच्या दाराशी जमिनीवर ठेवला आणि तोंडात काहीतरी पुटपुटत घरात गेली. मी तांब्याकडं बघितलं नाही. काम संपवून उठताना माझा पाय त्याला लागला आणि तो लोळत गेला. हलका. त्याच्यामागं मातीत ओल उमटली नाही.

हे सगळं माझ्या मनाचे खेळ असू शकतात. अपराधी माणसाला सगळीकडं तेच दिसतं, हे मलाही कळतं. पण बिस्मिल्ला अपराधी नव्हती, आणि माठ रोज तीच भरत होती.

गुरुजी गाडी न्यायला आले. ह्या वेळी आंघोळ केलेली, धुतलेला सदरा, टोपी. म्हणाले, "एकदा त्या जागी न्याची हाये. तू चाल संगं."

"कायले, गुरुजी? ती गाडी इकून टाका. भंगारात घाला."

"तिथं पानी द्याचं राह्यलं तिले."

मी नाही म्हणणार होतो. पण उठलो. वीस लिटरचे दोन कॅन भरले, झाकणं घट्ट आवळली आणि डिक्कीत ठेवले. प्यायला चार सीलबंद बाटल्या वेगळ्या घेतल्या. बिस्मिल्ला दारात आली होती. "तुमी दोघंच जाता ना?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती मागच्या काचेकडं बघत उभी राहिली.

६

अकरा वाजता निघालो. मी चालवत होतो, गुरुजी शेजारी. काचा उघड्या ठेवल्या होत्या. जंगलाचा रस्ता अरुंद. दोन्ही बाजूला निष्पर्ण साग, खाली पानांचा थर, आणि त्यावरून येणारी झळ भट्टीच्या तोंडासारखी. एक माणूस दिसला नाही, जनावर दिसलं नाही. काटा मध्यावर होता. मी बोलत होतो, काहीबाही, पाऊस कधी येतो, बियाणं कोणतं. गुरुजी हं हं करत होते.

टेकडाच्या अलीकडं काटा हलला. मी वेग कमी केला. काटा चढतच गेला. अर्धा, पाऊण, लाल. ज्या इंजिनाचा एकेक तुकडा मी हातानं तपासला होता, ते दहा मिनिटांत उकळलं. बोनटमधून वाफ आली आणि गाडी आपोआप बंद पडली.

"हेच झाड होतं त्या दिवशी," गुरुजी म्हणाले.

मी डिक्की उघडली. दोन्ही कॅन जागच्या जागी होते, झाकणं मी आवळली तशीच. उचलले तर हाताला वजनच लागलं नाही. बाटल्या सीटखाली होत्या. चारही रिकाम्या, टोपणांची सीलं न तुटलेली.

मी रस्त्यावर बसलो. इथून फोन लागत नव्हता. टेकडावर जाऊन पाहिलं, ह्या वेळी ती एक दांडीही नव्हती.

"विहिरीवर तू जा," गुरुजी म्हणाले. "माह्यानं चालनं होणार नाई. मी बसतो तिच्यापाशी."

"आत नका बसू. झाडाखाली बसा."

"त्या दिवशी बी ती आतच होती."

त्यांनी मागचं दार उघडलं. मी पहिल्यांदाच ते उघडलेलं पाहिलं. आतून गरम वारा आला, औषधाचा आणि तेल लावलेल्या केसांचा वास. गुरुजी एका टोकाशी, दाराला चिकटून बसले. बाकीची सीट त्यांनी रिकामी सोडली होती. माणूस निजलेलं असताना आपण कडेला बसतो तसे.

मी चारही दारं सताड उघडली. काचा खाली होत्याच. दारं वाऱ्यानं मिटू नयेत म्हणून फटीत दगड लावले. चावी काढून खिशात घातली, खिसा दोनदा चाचपला. लॉक होणार नाही, काच वर जाणार नाही, असं सगळं करून एक कॅन घेऊन पळत सुटलो.

हापशी अजून कोरडीच होती. हिरासिंगच्या विहिरीवर दोर-बादली होती. शेतात कोणी नव्हतं. आधी मी प्यायलो. हे सांगायलाच पाहिजे. आधी मी पोटभर प्यायलो, मग कॅन भरला. जाऊन-येऊन चाळीस मिनिटं लागली असतील, जास्त नाही.

७

वळणावरून गाडी दिसली तेव्हा चारही दारं बंद होती. काचा वर होत्या. दगड रस्त्याच्या कडेला एकाशेजारी एक ठेवलेले.

चावी माझ्या खिशात होती. मी धावताना ती मुठीत धरली, तिचे दात हातात रुतले तरी सोडली नाही.

जवळ येताना मागची काच दिसत होती. ऊन तिच्यावर असं होतं की एक पाऊल टाकलं की आतलं दिसायचं, दुसरं टाकलं की नुसतं आभाळ. एका पावलाला गुरुजी दिसले. ताठ बसलेले, मान खाली. पुढच्या एका पावलाला त्यांचा हात दिसला. पाणी पाजताना धरतात तसा खोलगट केलेला, मांडीवर झुकवलेला. आणि त्याच्या मनगटाला खालून एका हाताची पाच बोटं धरून होती. उजवा हात. त्यात हिरव्या बांगड्या. पुढचं पाऊल टाकल्यावर काचेत आभाळ दिसलं, आणि मी पुन्हा त्या कोनातून बघितलं नाही.

चावी लावली, दार उघडेना. दगड उचलून काच फोडली, आत हात घालून कडी ओढली. गुरुजी एकटे होते. अंग भट्टीतून काढल्यासारखं, घामाचा टिपूस नाही. डोळे उघडे. मी त्यांचं डोकं धरलं आणि कॅन तोंडाला लावला.

"आधी तिले," ते म्हणाले. ओठ हलले न हलले.

"आधी तुमी घ्या, गुरुजी."

"आधी तिले, रहमत."

मी ऐकलं नाही. एकदा चूक केली होती, आता समोर दिसणारं माणूस वाचवायचं, एवढंच कळत होतं. जबडा धरून पाणी ओतलं. ते त्यांच्या ओठांवर पडताना मी पाहत होतो. त्यांचा गळा हलला नाही. सदरा भिजला नाही. खाली सीटवर थेंब पडला नाही. कॅन मात्र माझ्या हातात हलका होत गेला, हळूहळू. मी ओतत राहिलो. गुरुजींची मान माझ्या दंडावर कलंडली, तरी ओतत राहिलो. नंतर डॉक्टरनं लिहिलं, उष्माघात. म्हणाला, तोंडात, पोटात, कुठंच पाणी गेल्याची खूण नाही. तुम्ही पाजलं असं म्हणता ते घाबरून वाटलं असेल.

वीस लिटरचा कॅन संपला. मी गुरुजींचे डोळे मिटले आणि बाहेर यायला वळलो. तेव्हा माझ्या पाठीमागून, सीटच्या त्या टोकाकडून, जड जिभेनं, एकेक अक्षर जुळवत कोणीतरी म्हणालं, "अ... जून."

मी वळून पाहिलं नाही. कॅन उचलला आणि विहिरीकडं चालू लागलो. आणला, दारातून आत तोंड न घालता कॅन तसाच सीटवर ओतला, हलका झाला की परत निघालो. दुसरी खेप, तिसरी, चौथी. हाताची कातडी दोरानं सोलली. प्यायचं मला सुचलं नाही, तहान लागलीच नाही. ऊन कलायला लागलं होतं.

हिरासिंग विहिरीवर आला तेव्हा मी बादली ओढत होतो. तो आधी गाडीकडून आला होता, सगळं पाहून. त्यानं माझ्या हातातला दोर धरला.

"रहमतभाई," तो म्हणाला, "कोनाले पाजून राह्यले? गुरुजी तं कवाचे गेले."

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्याच्या मुठीतून दोर सोडवून घेतला, त्याचं एकेक बोट उलगडून, आणि म्हटलं, "एवढी एक खेप नेतो."